सात महिने आणि एक मोती: तैलरंगांचा माझा अनुभव

जूनमध्ये साताऱ्यात पाऊस लागला आणि मी तैलरंग हातात घेतले. मुहूर्तच चुकला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आमच्या गारठलेल्या मागच्या खोलीत एकेक थर दहा-दहा दिवस चिकटच राहायचा.

नक्कल करायला डच चित्रकार व्हर्मीरचं 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी' घेतलं, साधारण १६६५ चं. मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटीमीटरचं, त्यामुळे त्याच मापाचा कॅनव्हास परवडला. पण स्वस्तातला घेतला, ही चूक. तो तेल पिऊन टाकायचा आणि रंग मातकट दिसायचा. वरून जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिल्यावर सुधारला.

आधी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगानं सगळी छाया-उजेड बसवली. त्यातलं मँगनीज वाळायला मदत करतं, म्हणून हा थर पावसाळ्यातही लवकर धरला. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वर जाताना तेल वाढवत न्यायचं. हे उलटं केलं की पुढे तडे जातात.

खरा धडा नाकानं दिला. मी पाच वेळा नाकाला रेघ मारली आणि पाचही वेळा मुलगी बाहुलीसारखी दिसली. मूळ चित्रात तिथे रेघच नाही! नाकाची कड पलीकडच्या गालातच विरघळलेली आहे. डोळा नाक 'ओळखतो' आणि हात तिथे नसलेली रेघ काढतो. मधे एका रविवारी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची 'सैरंध्री' बघायला गेलो. यापूर्वी तिथे कथा बघायचो, या वेळी फक्त कडा बघत उभा राहिलो.

मागचा काळा रंग तर मी बिनधास्त ट्यूबमधून लावला होता. नंतर कळलं, तिथे मुळात काळसर थरावर नीळ आणि पिवळा मिसळून केलेली हिरवी झिलई, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, होती, ती काळाच्या ओघात उतरली. मग मीही हिरवी झिलई दिली. मूळ चित्र आज दिसतं तसं हे दिसत नाही, पण मला आवडलं.

तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतो. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइनच्या वासावर घरात दोनदा भांडण झालं, तेही सांगून ठेवतो.

मोती सगळ्यात शेवटी काढला. वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचं फिकट प्रतिबिंब, बस्स. आई म्हणाली, "अरे, कडी राहिली की!" म्हटलं, व्हर्मीरनंही काढली नाहीये. वॉर्निश अजून सहा महिन्यांनी. तोवर चित्र तिच्या जुन्या साडीखाली शोकेसवर आहे.