कॉमेट किट: सामान चोख, माहितीपत्रकात घोळ

कॉमेट चाचणीत पेशींचा डीएनए जेलमध्ये विजेने ओढतात; तो तुटलेला असेल तर धूमकेतूसारखी शेपूट दिसते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिचं तयार किट मागवणार असाल, तर सामानाबद्दल तक्रार नाही. लेप दिलेल्या स्लाइड, लो-मेल्टिंग अ‍ॅगॅरोज, लायसिसचं (पेशी फोडायचं) द्रावण, त्यात मिसळायचं डीएमएसओ, सगळं आहे. हाताने लेप दिलेल्या स्लाइडवरून लायसिसमध्येच जेल सरकतं, ती कटकट इथे नाही.

घोळ माहितीपत्रकात आहे. 'बेंझोपायरीन द्या, शेपूट मोजा' असं छापलंय (बेंझोपायरीन म्हणजे धुरातलं कर्करोगकारक रसायन). इतकं सोपं नाही ते. एक तर लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वापरत असाल तर यकृताचा एस9 अर्क जोडावा लागतो. त्याच्या एन्झाइमांनी बेंझोपायरीनचं डायॉल-इपॉक्साइड हे क्रियाशील रूप झाल्यावरच ते डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं. चिकटल्यावरही धागा तुटत नाही, नुसता वाकतो. मग पेशीची दुरुस्तीची प्रथिनं कामाला लागतात: ती जागा एक्सपीसी हेरतं, टीएफआयआयएच धागे उकलतं, एक्सपीजी आणि एक्सपीएफ दोन बाजूंनी कापतात, 24 ते 32 न्यूक्लिओटाइडांचा तुकडा निघतो, पॉलिमरेज जागा भरतं, लायगेज सांधतं. धागा तुटलेला असतो तो कापण्यापासून सांधण्यापर्यंत, थोडाच वेळ. शेपूट दिसायची तर भरणीच अडवायला हवी, डीएनएची बांधणी रोखणारी औषधं देऊन: अ‍ॅरा-सी आणि हायड्रॉक्सीयुरिया. दोन्ही किटमध्ये नाहीत, वेगळी मागवा. आणि अशा वेळी लांब शेपूट म्हणजे कापणी जोरात, दुरुस्ती सुरू. अहवालात नेमकं उलटं, म्हणजे दुरुस्ती होत नाही असं, लिहिलं जातं.

एमएमएसला (मिथाइल मिथेनसल्फोनेट, डीएनएला मिथाइल जोडणारं रसायन) मात्र किट बिनघोर वापरा. मिथाइल लागलेलं अ‍ॅडेनिन ग्लायकोसिलेज हे एन्झाइम काढून टाकतं, उरलेली रिकामी जागा अल्कलीत आपोआप तुटते. शेपूट लगेच दिसते आणि एमएमएस धुऊन पेशी वाढवत ठेवल्या की तासागणिक आखडते.

नाशिकच्या थंडीत एक अडचण ठरलेली. डीएमएसओ 18.5 अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत खडा मिळतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा. रक्ताच्या नमुन्याला लायसिसच्या द्रावणात ते 10 टक्के लागतंच, नाहीतर हिमोग्लोबिनमधलं लोह डीएनए खराब करतं. अ‍ॅगॅरोज 37 अंशांवर ठेवा, स्लाइडही कोमट करा. गार काचेवर ते पसरण्याआधीच थिजतं.

लायसिस 4 अंशांवर किमान 1 तास, पीएच 13 च्या वर डीएनएचे धागे उकलणं 20 मिनिटं, मग 25 व्होल्ट, 300 मिलिअँपिअर. करंट चढला तर टाकीतलं थोडं बफर काढा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर पॉवरपॅक इन्व्हर्टरवर घ्या. लायसिसपासून पुढचं सगळं पिवळ्या मंद उजेडात, कारण प्रखर उजेडानेही डीएनए तुटतो. काहीही न दिलेल्या पेशींनाच शेपट्या आल्या, तर किटला दोष देण्याआधी खिडकीचा पडदा बघा.