फॅक्सची पानं खराब जातात: तांब्याची लाइन ठेवावी की फायबरवर जावं?

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, महापे, रबाळे इथल्या ज्या कारखान्यांची ड्रॉइंग आणि ऑर्डरी आजही फॅक्सने जातात, त्यांनी लाइन बदलण्याआधी त्याच मशीनच्या फीडरमधून एक झेरॉक्स काढून पाहावी. झेरॉक्सवरही वरून खालपर्यंत उभी रेघ आली, तर लाइनचा काही दोष नाही. स्कॅनरच्या काचेवर कण बसलाय. सेन्सर एका जागी असतो, कागद पुढे सरकतो, त्यामुळे ठिपक्याची रेघ होते. अक्षरं ताणलेली दिसली तर रोलर घसरताहेत.

झेरॉक्स स्वच्छ, पण पलीकडे मात्र आडव्या पट्ट्या आणि तुटक्या ओळी, असं असेल तर लाइनकडे वळा.

फॅक्स मुळात तांब्याच्या लाइनसाठीच बनला. पण पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर सुरू होते. मशीनचा वेग सेकंदाला १४,४०० बिट्सवरून ९,६०० वर आणला तर बऱ्याचदा निभावतं.

फायबरवर खरखर नाही, तिथली अडचण वेगळी. आवाज लहान पॅकेटांत जातो. एखादं पॅकेट हरवलं तर बोलताना कळतही नाही, फॅक्सचा मात्र तेवढा मजकूर गळतो. जी.७२९ सारखं आवाज दाबणारं कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) असेल तर फॅक्स जवळपास चालतच नाही. म्हणून फोन कंपनीला थेट विचारा: टी.३८ आहे का? त्यात फॅक्सचा मजकूर आवाज म्हणून न जाता डेटा म्हणून जातो आणि हरवलेलं भरून काढायला आधीची माहिती पुन्हा जोडलेली असते. ते नसेल तर निदान जी.७११, म्हणजे आवाज फारसा न दाबणारं कोडेक हवं.

फायबरवर फॅक्स अडकू लागला की मशीनमधलं ईसीएम, म्हणजे चुकलेला भाग पुन्हा मागवून घेणारी सोय, बंद करायला सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. ईसीएम बंद केलं की पान जातं खरं, पण ओळी गळून. ड्रॉइंगवरच्या ८ चा ३ वाचला गेला तर अख्खा लॉट वाया जातो. त्यापेक्षा फॅक्स फेल झालेला परवडला, निदान आपल्याला कळतं तरी.

माझं मत: टी.३८ मिळत असेल तर फायबर घ्या, नाहीतर तांब्याची लाइन सोडू नका. ड्रॉइंगसाठी, लाइन कोणतीही असो, मशीनचं रिझोल्यूशन ‘फाइन’ ठेवा. स्टँडर्डमध्ये उभ्या इंचात साधारण ९८ ओळी असतात, फाइनमध्ये १९६. जुना नंबर सरेंडर करण्याआधी नव्या लाइनवरून नेहमीच्या पार्टीला दाट मजकुराची बरीच पानं एकाच कॉलमध्ये पाठवून बघा. एक-दोन पानांत न दिसणारे दोष लांब कॉलमध्ये उघडे पडतात.