भूत, मागचा जन्म की आसरा? नाशिकची गूढ प्रेमकथा लिहिणाऱ्यांसाठी

गूढ प्रेमकथा लिहायला बसलं की आधी नायिकेचं नाव सुचतं, मग गोदाघाटावरची संध्याकाळ सुचते आणि 'तो माणूस नाहीच' हे सातव्या पानावर फोडायचं, एवढं ठरतं. तो नेमका कोण, हे मात्र अर्धी कथा झाली तरी ठरलेलं नसतं. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी, कारण प्रेमकथा चालते ती अडथळ्यावर. भूत घेतलं तर अडथळा वेगळा, पुनर्जन्म घेतला तर वेगळा, आसरा, म्हणजे पाण्यातली देवता, घेतली तर आणखी वेगळा. धुकं आणि घुबडं काय, कोणीही घालतं.

नाशिककरांना हा प्रकार नवा नाही म्हणा. देखणं रूप घेऊन पंचवटीत आलेली राक्षसी सरळ लग्नाची मागणी घालते आणि नाक-कान गमावून परत जाते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या बाजूने ती लिहायची इच्छा अनेकांना होते. पण पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ असल्यामुळे पहिल्या कथेसाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

भुताची प्रेमकथा आपल्याकडे सर्वांत सोपी पडते, कारण तिचं घड्याळ तयारच आहे: मृत्यू ते दहावा. आणि शेवटाचा प्रसंगही तयार आहे. घाटावर पिंड ठेवलेत, कावळे जवळ येतात आणि उडून जातात. घरचे हात जोडून एकेक सांगतात. 'आईला आम्ही सांभाळू.' 'गावची जमीन विकणार नाही.' कावळा शिवत नाही. उन्हं चढायला लागतात, गुरुजी दर्भाचा कावळा करायची तयारी करतात. मागे, नातेवाइकांपासून जरा लांब एक मुलगी उभी आहे आणि त्याचा जीव कशात अडकलाय हे तिला एकटीला माहीत आहे. दहा रात्री तो तिच्याशी बोलतोय. तिने तोंड उघडलं तर कावळा शिवेल आणि तो कायमचा जाईल. गप्प राहिली तर तो राहील, पण कसा? इतका घट्ट पेच पुनर्जन्मात सहसा सापडत नाही.

त्यात दोन खड्डे आहेत. पहिला, मुंजाला नायक करण्याचा मोह. पिंपळ, पार, पांढरं धोतर दिसायला छान वाटतं. पण मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला बटू म्हणजे लहान पोर. त्याला प्रियकर करू नका. दुसरा, हडळ. बाळंतपणात गेलेल्या बाईला पायांची बोटं मागे वळवून बाजेवर बसवणं हे मला तरी आता वाचवत नाही. त्यापेक्षा साधा मेलेला माणूस घ्या, त्याला कुठल्या भुताचं नाव देऊ नका.

पुनर्जन्माकडे लोक जातात कारण त्यात इतिहास घालता येतो. नाशिकमध्ये तर काय, हात घालाल तिथे इतिहास. बरेचजण थेट पांडवलेणीवर जातात आणि तिथेच घसरतात. ही लेणी म्हणजे बौद्ध भिक्खूंचे विहार. भिंतीवरचे ब्राह्मी लेख प्राकृतात आहेत, त्यामुळे तिथल्या जोडप्याच्या तोंडी 'प्राणप्रिये' घातलंत की कथा संपली. तिथलं घ्यायचंच असेल तर लेख वाचा: क्षत्रप राजा नहपान याची मुलगी दक्षमित्रा हिने भिक्खूंसाठी खोली खोदवून दान दिल्याचा लेख आहे. एका बाईचं नाव दगडात राहिलं, ती खोली कोणासाठी आणि का, एवढ्यावर कथा उभी राहते.

माझं मत विचाराल तर इतकं मागे जायची गरज नाही. 1930 पुरे. 2 मार्चला दलितांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. मंदिराच्या बंद दाराच्या दोन बाजूंना असलेली दोन माणसं मागच्या जन्मी घेतलीत तर त्यांचं प्रेम का अडलं हे समजवायला शाप लागत नाही. आणि जन्म बदलला तरी तो अडथळा किती उरलाय, हा प्रश्न आजच्या भागात आपोआप येतो.

ओळख पटण्यासाठी जन्मखूण आणि लॉकेट नको. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वह्या असतात, कोण कधी आलं त्याच्या नोंदी. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या मुलीपुढे गुरुजी जुनी वही उघडतात आणि तिला त्यात स्वतःचं अक्षर दिसतं. बस.

पुनर्जन्माचा खरा दोष वेगळाच आहे. प्रेम आधीच ठरलेलं असतं, मग पात्रांनी निवडायचं काय? 'तू जन्मोजन्मी माझीच' म्हणत मागे लागणारा नायक आज वाचताना पोलिसात देण्याच्या लायकीचा वाटतो. यावर उतारा एकच, दोघांपैकी एकालाच आठवू द्या आणि दुसऱ्याला नकाराचा पूर्ण हक्क द्या.

आसरा मला तिघांत सर्वांत आवडते आणि सर्वांत कमी लिहिली जाते. ती मेलेली नाही, तिला मुक्ती नको, तिला तिची मर्जी आहे. पाण्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, ओटी, हे आपण पाहिलेलं असतं. तिची हद्द पाण्यापुरती ठेवा, की नियम नाशिकच पुरवतं. उन्हाळ्यात नदी आटते, ती लांब जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. 2008 किंवा 2019 सारखा पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं. आता नायकाचं दुकान तिथेच आहे असं धरा. ती त्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकते ती फक्त पुरात, म्हणजे ती आली की शेजाऱ्यांचा माल बुडतो आणि म्हातारी माणसं माळ्यावर चढवावी लागतात. त्याने तिची वाट बघायची का?

कठीण मात्र आहे. आसरा बोलेल कशी, तिला माणसाचं काय आवडेल, सगळं तुम्हालाच रचावं लागतं. शिवाय गावोगावी तिची पूजा होते, तिला नुसती ओलेती सुंदरी केलीत तर वाचक रागावतील आणि त्यांचं चुकणार नाही. चकवाही कोणी सुचवतं, पण तो वाट चुकवण्यापलीकडे काही करत नाही, एखाद्या प्रसंगापुरता ठीक.

तेव्हा दिवाळी अंकासाठी एकच कथा पाठवायची असेल तर भूत घ्या, दहा दिवसांत आटोपतं. मोबाइलवर भागाभागाने लिहिणार असाल तर दोन काळांची ये-जा पुनर्जन्मात जमते आणि प्रत्येक भाग कुठे तोडायचा तेही सापडतं. आसरेला हात घालायचा असेल तर एक पावसाळा घाटावर जाऊन पाणी चढताना बघा, दुकानदार माल कुठल्या क्रमाने वर हलवतात ते विचारा आणि मगच पहिलं वाक्य लिहा.