मोबाईलवर मेसेज की शनिवारची बैठक?

लहान वयातलं लग्न आणि बाळंतपण थांबवायला काही करायचं, असं कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या मंडळानं ठरवलं, की प्रश्न दोनच पर्यायांवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवायचे, की मुलींची बैठक घ्यायची? आमच्या गावात दोन्ही करून झालंय. रक्त कमी, बाळंतपणातले झटके, कमी वजनाचं बाळ, हे धोके तुम्हाला ठाऊक आहेतच.

मेसेजला खर्च नाही, संध्याकाळपर्यंत गावभर होतो. पण मोबाईल मुलीचा नसतो, बापाचा नाहीतर भावाचा असतो. गर्भनिरोधक साधनांची माहिती आम्ही आवाजात भरून पाठवली, ती एका घरात चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाजली. मुलगी उठून परसात गेली. तिचे वडील त्यानंतर बरेच दिवस मला रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करायचे. माझं मन मेसेजवरून उडालं ते तिथंच. ग्रुपवर उत्तर म्हणाल तर जोडलेले हात, तेही पुरुषांचे.

शिवाय आपल्याकडे कोल्हापूरचे मेसेज फिरत येतात. त्यात मुलींना मैत्री क्लिनिकला, म्हणजे महाराष्ट्रातल्या किशोरवयीनांच्या सल्ला केंद्राला जायला सांगतात. आपल्या सरकारी दवाखान्यात त्याच कामाची पाटी असते स्नेहा क्लिनिकची. कायद्याचंही तेच. तिकडे बालविवाह रद्द करायला कोर्टात अर्ज लागतो, कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीनंतर असं लग्न मुळातच रद्दबातल. हे मेसेजमध्ये कोण समजावणार?

बैठकीतही कटकट आहे. आशाताई गावातल्याच, कुणाची तरी काकू. तिच्यासमोर मुली तोंड उघडत नाहीत. म्हणून आम्ही पत्र्याचा डबा ठेवला. सगळ्यांना सारख्या मापाच्या चिठ्ठ्या, आणि काही विचारायचं नसेल तरी कोरी चिठ्ठी टाकायचीच, म्हणजे कुणी काय लिहिलं ते कळत नाही. उत्तरं द्यायला दुसऱ्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. आम्ही पुरुष बाहेर चपलांपाशी. नंतर सिस्टरनी नाव-गाव न सांगता एक चिठ्ठी वाचून दाखवली: ‘माझं ठरवलंय. मला नको आहे. कुणाला सांगू?’ १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मेसेजमध्ये आम्ही किती वेळा घातला होता, पण हा प्रश्न तिकडून कधी आला नाही.

प्रश्न लग्नाचा निघाला यात नवल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्याकडे कोवळ्या वयातलं गरोदरपण बहुतेक वेळा लग्नामागूनच येतं.

मोठ्या गावात कदाचित वेगळा अनुभव येईल, मी आमच्यापुरतं बोलतोय. ऊसतोडीला गेलेल्या घरांना तर मेसेजच लागतो. तेव्हा तो आईच्या नंबरवर पाठवा, आवाजात नको, लिहून. आईला वाचता येत नसेल तर निघण्याआधी तिला बैठकीला बोलवा.