सार्थ गाथा: अभंगांना पाच स्टार, अर्थाला अडीच

मागच्या महिन्यात पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून सार्थ तुकाराम गाथेचा जाडजूड ठोकळा घेतला, प्रकाशकाचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे. बाइंडिंग मस्त, टाइप मोठा, आई चष्म्याशिवाय वाचते (हे तिचं म्हणणं, मला शंका आहे). साडेचार हजारांवर अभंग म्हणजे वजन येणारच, प्रवासात वगैरे नेऊ नका.

आता अर्थाचं बोलू. मी अडकलो ‘कळवळा’वर. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभावीण प्रीती’ आणि खाली अर्थ काय, तर दयाळू माणसांचा स्वभाव असा असतो. अहो पण आधीच्या ओळीत लेकराचं हित वाहणारी माउली आहे, पुढच्या ओळीत ‘पोटीं भार वाहे’ आहे, एवढं समोर असताना दयाळू कुठून आणलं? दया लांब उभं राहूनही करता येते, कळवळा आला की आतडं पिळवटतं.

‘जे का रंजले गांजले’मध्ये तर अजून गंमत. ‘ज्यासि आपंगिता नाही’ म्हणजे ज्याला आपलं म्हणून जवळ घेणारं कोणी नाही, इथे छापलंय ‘ज्याची कोणी दया करीत नाही’. बरं त्याच अभंगात तुकोबांनी स्वतः दया शब्द वापरलाय, पुत्रावर करायची तीच दासा-दासीवर करायची म्हणून, म्हणजे तिथे दयेतला वरचा-खालचा हा भेदच काढून टाकलाय. पण सगळीकडेच दया दया छापल्यावर हे वाचणाऱ्याला कळणार कसं.

एका ठिकाणी मात्र मानलं. ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण, आणीक निर्दळण कंटकांचें’ याचा अर्थ न कचरता दिलाय, जिवांना सांभाळणं ही दया आणि त्यांना छळणाऱ्यांचा बंदोबस्त हीसुद्धा दयाच. गुळमुळीत केलेलं नाही, शाब्बास.

शब्दसूची नाही ही मोठी उणीव. शब्द अडला की मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघतो, १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. आईने मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने स्वतःचीच सूची सुरू केलीये, त्यामुळे पुस्तक परत करायचा प्रश्न मिटला.