भोसरीच्या गाळ्यात बनलेली माझी माउंटन बाइक

माझी उंची पाच फूट एक इंच. हे आधी सांगते, कारण तयार सायकल न घेता बनवून घेतली ती त्यापायीच. बाजारातल्या माउंटन बाइकच्या सगळ्यात लहान फ्रेमचाही वरचा दांडा मला टेकतो. उतारावर सीट खाली घ्यायची म्हटलं, तर सीट ट्यूब (सीटचा दांडा जिच्यात बसतो ती नळी) एवढी लांब की धड ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच खाली-वर करता येणारा सीटचा दांडा, बसत नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावर सीट पोटात रुतत असताना वळण घेणं काय असतं, हे माझ्या उंचीच्या बायकांना सांगायला नको. बाहेरून चांगली लहान सायकल मागवावी, तर २०२३ च्या अर्थसंकल्पात आयात सायकलीवरचं सीमाशुल्क ३५ टक्के केलं होतं. दुरुस्तीची अडचण वेगळीच.

भोसरी एमआयडीसीत दोघे जण एका गाळ्यात क्रोमोलीच्या (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलच्या) फ्रेम बनवतात, हे मला आमच्या रविवारच्या ग्रुपमधून कळलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. हातात आधीच भरपूर ऑर्डरी आहेत, आणखी लोक आले तर वेळ पाळता येणार नाही, म्हणून नाव नको, असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या शब्दाचा मान राखते. सायकलीबद्दल आणि ती येईपर्यंतच्या काळाबद्दल मात्र सगळं लिहिणार आहे, कारण अशी सायकल घ्यायची तर हा काळ सायकलीइतकाच पारखून घ्यावा लागतो.

पाडव्यानंतर मी मापं द्यायला गेले. हात, पाय, खांद्यांची रुंदी, सगळं टेपनं घेतलं. मग त्या दोघांपैकी एकानं (त्यांना मी दादा म्हणते) विचारलं, "ताई, कुठल्या रस्त्यावर चालवणार?" पुण्या-मुंबईच्या कुठल्याही शोरूममध्ये मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी सांगितलं, अजिंक्यताऱ्याच्या मागची पायवाट, यवतेश्वरचा मुरूम, पावसाळ्यानंतरचा जांभा. चाकाचा निर्णय तिथेच झाला. हल्ली सगळे २९ इंची घेतात, पण त्यांनी मला २७.५ सुचवलं. दोन्ही रिमच्या व्यासात ३८ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे आस १९ मिलिमीटर खाली येतो. माझ्या उंचीला १९ मिलिमीटर खूप झाले. हेड अँगल (सायकलच्या पुढच्या भागाचा कल) ६६ अंश, सीट ट्यूब ३७० मिलिमीटर, पुढे १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय). आठवड्याभरात नकाशा मोबाइलवर आला. तळाशी लिहिलं होतं, 'सही केल्याशिवाय नळी कापणार नाही'. चाळीस टक्के ॲडव्हान्स दिला. गणपतीच्या आधी सायकल देतो, म्हणाले.

ती मिळाली दसऱ्यानंतर.

उशीर झाला म्हणून मी गुण कापत नाही. मात्र उशीर का झाला ते नीट सांगते, कारण पुढे कुणी अशी ऑर्डर दिली तर याच ठिकाणी अडकेल. पहिली अडचण फोर्कची. फ्रेम इथे बनते, पण फोर्क, गिअर, ब्रेक हे सगळं बाहेरूनच येतं. देशी सायकल म्हणताना एवढं लक्षात ठेवावं. आणि बाजार २९ कडे वळल्यामुळे २७.५ चा बरा एअर (हवेच्या स्प्रिंगचा) फोर्क मिळणं अवघड झालंय. ज्या चाकामुळे सायकल माझ्या मापाची होणार होती, त्याच चाकापायी ती थांबली. जूनमध्येच दादांचा फोन आला: फोर्क पुरवठादाराकडे नाही, २९ चा आत्ता लावून देतो, नाहीतर थांबा. २९ चा लावला तर पुढचा भाग किती उचलला जाईल, हेड अँगल कितीनं बदलेल, हेही आकड्यांसकट सांगितलं. मी थांबले.

दुसरी अडचण पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची. हे काम ते बाहेरून करून घेतात. फ्रेमवर आधी सँडब्लास्टिंग, मग पावडर, मग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजणं. कोटिंगवाल्यानं बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस बसतो त्या जागेचे) आटे झाकलेच नाहीत आणि रंग आट्यांत जाऊन बसला. दादांनी मला फोटो पाठवला: हिरव्या रंगानं भरलेले आटे, शेजारी टॅप (आटे पाडायचं हत्यार). टॅप फिरवून आटे पुन्हा मोकळे करायचे, कड सपाट करून घ्यायची, आणि हात घाईत चालला तर फ्रेम वाया. "दोन दिवस द्या, घाईत करणार नाही." मी इतकी वर्षं दुकानांतून सायकली घेतल्या, पण आत काय बिघडलं होतं आणि कसं दुरुस्त केलं, हे गिऱ्हाइकाला फोटोनिशी दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं. माझ्या लेखी या सेवेची खरी किंमत इथे आहे. तारीख चुकली, पण चुकणार हे मला दर वेळी तारखेच्या आधी कळलं, आणि एकदाही मला स्वतःहून फोन करून विचारावं लागलं नाही.

त्यातल्या त्यात एक गोष्ट फायद्याची झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. माझं बिल त्यानंतर झालं. मूळ किंमत १,२०,००० रुपये. कर १४,४०० लागला असता, तो ६,००० लागला. वाचलेले ८,४०० दादांनी काही न बोलता बिलातून कमी केले. मी त्याची पेडल घेतली आणि उरलेल्यातून हेल्मेट बदललं.

सायकल ट्रान्सपोर्टनं साताऱ्याला आली. खोकं उघडल्यावर आधी बांधणीच बघत बसले. ब्रेकच्या डिस्क काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेल्या. फोर्कच्या पायांत लाकडी आडवा तुकडा, म्हणजे दाब पडला तरी पाय आत वाकणार नाहीत. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट सोडवून, फोममध्ये गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) बांधलेला. प्रवासात हेच तीन भाग वाकतात आणि इतर ठिकाणांहून आलेल्या खोक्यांत हेच तीन भाग उघडे असतात. सोबत जादा हँगरही होता. ऑर्डर देताना मी यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) हा हँगर लागेल अशी फ्रेम हवी, असा हट्ट धरला होता. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमनं आणलेला हा हँगर आता बऱ्याच कंपन्या वापरतात. उद्या हा गाळा बंद झाला तरी माझी सायकल हँगरसाठी अडून राहणार नाही. छोट्या कारागिराकडून घेणाऱ्यानं हा विचार करायलाच हवा. बॉटम ब्रॅकेटही साधा आट्यांचा, दाबून बसवायचा नव्हे. त्याचं हत्यार साताऱ्यातही मिळतं.

हेड ट्यूबचं (हँडलखालच्या पुढच्या नळीचं) वेल्डिंग जवळून पाहा. टिग वेल्डिंगचे टाके एकसारखे, एकावर एक सरकलेले, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) पोटाखाली जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही तसेच. सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) जोडाजवळ एका जागी टाका थोडा रुंद आहे. मी विचारलं, तर म्हणाले, तिथे वेल्डिंगची टॉर्च वळवायला जागाच नसते. फ्रेमच्या जोडांवर पहिल्या मालकाला पाच वर्षांची हमी आहे, बिलावर लिहून.

चालवायला कशी? वजन १४ किलोच्या आसपास, आणि चढावर ते जाणवतं. घाट चढण्यासाठीच सायकल हवी असेल तर ही घेऊ नका. पण उतारावर मी पहिल्यांदा सायकलच्या आत बसले आहे, सायकलवर टेकलेली नाही. सीट पूर्ण खाली जाते, गुडघे मोकळे राहतात, पुढचं चाक कुठे ठेवायचं ते डोळ्यांना आधी कळतं. यवतेश्वरच्या एका वळणावर सुटा मुरूम साचतो. तिथे मी नेहमी पाय टेकायचे. आता टेकत नाही. स्टीलची फ्रेम धक्के खाते असं सगळे सांगतात. मला तो गुण जास्त करून कमी हवा भरलेल्या २.४ इंची ट्यूबलेस टायरचा वाटतो. स्टीलचा खरा फायदा वेगळा: कुठे तडा गेला तर तो वेल्ड करणारा माणूस आपल्याकडे सापडतो.

तक्रारी दोन. ब्रेकची होज (तेलाची नळी) डाउन ट्यूबखालून बाहेरून नेली आहे. दुरुस्तीला ते सोपं, पण एक क्लिप पहिल्याच दगडाळ उतारावर निसटली. आणि फ्रेमच्या एवढ्या छोट्या त्रिकोणात अर्ध्या लिटरचीच बाटली बसते, तीही बाजूनं काढावी लागते. क्लिपचं सांगितल्यावर दादांनी धातूच्या क्लिप पाठवल्या. बाटलीला इलाज नाही; कास रस्त्यावर मी पाठीवर पाणी नेते. (कासच्या फुलांच्या सड्यावर मात्र कुणीही चाक घालू नका, कुंपण नसेल तिथेही नाही. ती माती काही इंचांचीच आहे.)

अमुक तारखेला स्पर्धा आहे आणि त्याच सायकलीवर उतरायचंय, असं असेल तर तयार सायकल घ्या. तयार फ्रेम तुमच्या अंगाला बसत असेल तरीही थांबण्यात अर्थ नाही. पण जिचं माप बाजार बनवतच नाही, तिनं एकदा गाळ्यात जाऊन टेपखाली उभं राहावं. जाताना हँगर, आटे आणि हमी या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. दादांना मी माझ्या फ्रेमचा नकाशा दुसऱ्या कुणाही कमी उंचीच्या बाईसाठी वापरायची परवानगी दिली आहे; फलटणच्या एका मैत्रिणीची ऑर्डर त्याच नकाशावरून गेली आहे. तिला फोर्क २७.५ चाच हवाय, म्हणून तो आधी मिळवा आणि मगच नळी कापा, असं तिनं ऑर्डरमध्येच लिहून घेतलं.