ग्रुपवरचं ‘ओके सर’ की सकाळचा फोन?

शिरोलीत मशीनशॉप, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना, उद्यमनगरात जुनी शेड आणि पुण्याजवळ चाकणला कस्टमरच्या दारात बसवलेला एक माणूस. कोल्हापुरात ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. माणसं वीस असोत नाहीतर साठ, मालकाची अडचण तीच: चारही ठिकाणी आज काय अडलंय ते वेळेत कळलं पाहिजे, आणि लांबच्या माणसाला आपल्याला तिकडं टाकून दिलंय असं वाटता कामा नये.

यावर बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. व्हॉट्सअॅपचा ग्रुप, नाहीतर रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक ठिकाणच्या एकेका माणसाला जोडून घेतलेला एकत्र फोन. हजेरीची आणि ईआरपीची (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारी) अॅप्स इथं धरलेली नाहीत. ती नग आणि तास चोख मोजतात, पण सुपरवायझर कशापायी गप्प आहे ते सांगत नाहीत. घ्यायची तर जरूर घ्या; हा निर्णय त्यांच्यामुळं टळत नाही.

आधी ग्रुपचं जे खरंच चांगलं आहे ते. कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूमुळं पडलेलं भोक, कुठं आलंय, मशीनवरच्या कापणाऱ्या इन्सर्टची धार कशी तुटली, हे फोनवर दहा मिनिटं सांगूनही समोरच्याला कळत नाही आणि एका फोटोत कळतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची आणि हीट नंबर (एकदा वितळवलेला धातू म्हणजे एक हीट, तिचा क्रमांक) खडूनं लिहून तोही फोटोत येऊ द्यायचा. नाहीतर महिन्याभरानं तो फोटो कशाचा होता यावरच वाद होतो. ड्रॉइंग मात्र फोटो म्हणून टाकू नये, डॉक्युमेंट म्हणूनच टाकावं. फोटो पाठवताना दाबला जातो, बारीक अक्षरं फुटतात आणि टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) आकडा अंदाजानं वाचला जातो. फाइलच्या नावातच रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगची कितवी सुधारणा तो आकडा) हवा. चुकीचं ड्रॉइंग ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायची मुदत साधारण दोन दिवसांची. ती गेली की जुनं ड्रॉइंग चॅटमध्ये तसंच राहतं, आणि मशीनवरचा पोरगा घाईत नेमकं तेच उघडतो. चालू रिव्हिजन पिन करता येते, पण पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते. म्हणजे महिन्याला एकदा ती पुन्हा लावायचं काम कुणाच्या तरी नावावर पाहिजे.

रात्रपाळीचा निरोपही ग्रुपवरच बरा. रात्री मेल्टिंग सांभाळलेला माणूस सकाळी पावणेनऊला झोपलेला असतो, त्याला फोनवर ओढण्यात अर्थ नाही. त्यानं जाताना तीन ओळी लिहाव्यात: किती हीट झाल्या, काय नापास झालं, कुठलं मशीन कशामुळं बंद आहे. ‘कशामुळं’ हा शब्द त्याच्याकडून घोटून घ्यावा लागतो. नाहीतर ‘mc 3 problem kam chalu’ एवढंच येतं, आणि त्यावरून ना मेंटेनन्सवाल्याला काही कळतं ना दिवसपाळीला.

इथपर्यंत ग्रुपला नावं ठेवायला जागा नाही. पारडं फिरतं ते ‘ओके सर’नं.

मालक संध्याकाळी लिहितो, ‘उद्या दुपारपर्यंत ४० हाउसिंग शिरोलीत पोहोचली पाहिजेत.’ पाच मिनिटांत खाली चार ‘ओके सर’ आणि दोन अंगठे. यातला एक ‘ओके’ डिस्पॅचवाल्याचा. त्याची गाडी तयार आहे, त्याच्यापुरतं ते खरं आहे. एक चाकणच्या माणसाचा, ज्याचा या कामाशी संबंधच नाही, पण सगळ्यांनी लिहिलं म्हणून त्यानंही लिहिलं. आणि एक फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करणाऱ्या विभागाच्या) सुपरवायझरचा, ज्याचं साफसफाईचं शॉट ब्लास्टिंग मशीन दुपारपासून बंद आहे. त्यानं खोटं लिहिलेलं नाही. ‘संदेश वाचला’ एवढाच त्याच्या लेखी त्या ओकेचा अर्थ. मालकानं ते ‘माल येतोय’ असं वाचलं. निळ्या टिकाही इथं कामाच्या नाहीत. मेसेज इन्फो उघडून फार तर कुणी पाहिलं ते कळतं, कुणाला जमणार आहे ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिरोलीत दोन व्हीएमसी मशीनं माल नाही म्हणून उभ्या राहतात आणि ग्रुपवर पहिल्यांदा खरं वाक्य येतं. तोवर उशीर झालेला असतो.

वाईट बातमी चाळीस जणांसमोर लिहून टाकायला कुणाचा हात धजत नाही. लिहिलेलं राहतं, फॉरवर्ड होतं, पगारवाढीच्या वेळी पुढं केलं जातं. म्हणून माणूस लिहितो ‘काम चालू आहे’.

आता तोच प्रश्न फोनवर विचारून बघा. आपल्याकडच्या ‘की’ची गंमत अशी की तो कागदावर एकच दिसतो आणि कानाला तीन तऱ्हांनी ऐकू येतो. ‘पाठवतो की’ असं तुटक आणि लगेच आलं तर माल निघाला समजा. ‘होतंय की’ म्हणताना ‘होतंय’ लांबलं तर निम्मा माल निघेल. आणि क्षणभर थांबून ‘बघतो की’ आलं, तर तिथंच पुढचा प्रश्न टाकायचा: ‘मामा, ब्लास्टिंग चालू आहे न्हवं?’ तीन सेकंदांची ती शांतता कुठल्याही अॅपच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. हे काही मोजमाप नव्हे हे कबूल. पण अशा मांडणीत काम करून करून कान तयार होतो, आणि माझ्या मते फोनच्या बाजूनं याहून मोठा मुद्दा नाही.

फोनही कसाही करून चालत नाही. पहिली गोष्ट वेळेची. पाळी आठची असेल तर आठला फोन लावू नये. तेव्हा हजेरीच लागलेली नसते आणि उत्तरं कालची मिळतात. पहिला नग तपासून पास व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून ८.४० ते ८.५० ही वेळ चांगली. तोवर कोण आलं नाही, कुठलं मशीन सुरू झालं नाही हे सांगणाऱ्याला ठाऊक झालेलं असतं. साध्या कॉलमध्ये एकेक जण मर्ज करत जायचं. बहुतेक नेटवर्कवर आपल्याशिवाय पाच जण बसतात. व्हॉट्सअॅप कॉलवर याहून जास्त बसतात, पण पत्र्याच्या शेडमध्ये डेटा दगा देतो. आणि पाचापेक्षा जास्त माणसं बोलवायची वेळ येत असेल तर बहुधा आपण चुकीची माणसं बोलावतोय.

सुरुवात सगळ्यात लांबच्या ठिकाणापासून करावी. चाकण आधी, उद्यमनगर शेवटी. लांबचा माणूस शेवटी ठेवला की त्याच्या वाट्याला ‘तुमचं काही विशेष?’ एवढंच येतं, आणि तो ‘नाही’ म्हणून सुटतो. असं महिनाभर झालं की तो मनानंही सुटतो. मग सोडचिठ्ठी आली की सगळे चकित.

प्रश्न तीन पुरतात. काल ठरलेलं काय राहिलं? आज कुठं अडणार? दुसऱ्या युनिटकडून काय पाहिजे? ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न बादच करावा, कारण त्याचं उत्तर विचारतानाच ठरलेलं असतं. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. कागलवाला शिरोलीवाल्याला थेट म्हणतो, ‘तुमच्या पॅलेट परत पाठवा, माल भरायला काही उरलं नाही,’ आणि मालकाला मध्ये बोलावंच लागत नाही. फौंड्रीतला पाळीप्रमुख हिंदी बोलणारा असेल तर फोनवर निम्मं हिंदी, निम्मं मराठी आपोआप निभतं. लिहिताना तोच माणूस अंगठ्यावर भागवतो.

माणशी दोन मिनिटं, एकूण फार तर बारा. पंधरावर गेलं की तो फोन राहत नाही, सभा होते. मालकानं एक वही समोर ठेवावी: काय, कोण, कधीपर्यंत. फोन संपल्यावर त्यातल्या चार ओळी ग्रुपवर टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्याच ओळींवरून विचारायचा. ही वही नसेल तर आठ दिवसांत फोनचाही ‘ओके सर’ होतो, फक्त आवाजातला.

फोन बिघडतो कशानं? बहुतेक वेळा मालकामुळं. एकाला सगळ्यांसमोर झापलं की दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही ‘सगळं व्यवस्थित’ म्हणू लागतात. मग ग्रुप आणि फोन यांत फरक उरत नाही. कान उपटायचे तर फोन संपल्यावर वेगळा लावून उपटावेत. दुसरं, कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून बोलणारा. त्याला स्टोअरमध्ये जाऊन बोलायची सवय लावावी. एकाच्या मागचा खडखडाट सगळ्यांना त्रास देतो. तिसरं, सुटीचे वार. कागलची आणि चाकणची साप्ताहिक सुटी वेगळ्या वारी असेल तर सुटीवरच्या माणसाला फोनमध्ये घेऊ नये, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. ग्रुप इथं जास्त बेशिस्त असतो हेही खरं. रात्री साडेदहाला मालकाचा मेसेज आला की कुणीतरी अंथरुणातून ‘ओके सर’ लिहितोच.

पावसाळ्याचा मुद्दा कोल्हापूरकरांनी वेगळा धरावा. शिरोली पंचगंगेच्या पलीकडं, गोकुळ शिरगाव आणि कागल अलीकडं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पाणी ३५-३६ च्या पुढं चढायला लागलं की सकाळच्या फोनमध्ये चौथा प्रश्न घालावा: नदीपलीकडं आजच काय ढकलायचं आणि कोण कुठं मुक्कामाला राहणार? हे ग्रुपवर ठरवायला गेलं तर पुराचे व्हिडिओच इतके येऊन पडतात की कामाचा मेसेज त्यांखाली सापडत नाही. प्रत्येक ठिकाणच्या माणसाचा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा नंबरही जूनमध्येच वहीत लिहून ठेवावा. टॉवर बंद पडल्यावर तो कुणाला विचारणार?

तरी सगळ्यांनी फोनच धरावा असं नाही. दहा-बारा सर्व्हिस इंजिनीअर रोज वेगळ्या गावात, कुणी बेळगावला तर कुणी सोलापूरच्या वाटेवर गाडी चालवत असेल, तर ठरलेल्या वेळेचा फोन धोक्याचा आणि कटकटीचा. तिथं ग्रुपच बरा, आणि मोठ्या व्हिजिटच्या दिवशी लाइव्ह लोकेशन. त्याला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय असतात. ते रोज ८ तास चालू ठेवायला लावलं की माणूस पाळतीवर असल्यासारखा वागतो आणि फोन ‘डिस्चार्ज’ व्हायला लागतो. एकाच आवारात दोन शेड असतील तर दोन्हींची गरज नाही, चालत जावं. पण तीन-चार पक्की ठिकाणं, प्रत्येकी एक जबाबदार माणूस आणि एकाचा माल दुसऱ्याच्या मशीनवर चढणारा, अशी गाठ असेल तर मी बारा मिनिटांकडंच झुकेन. ग्रुप बंद करायचा नाही; फोटो, ड्रॉइंग, रात्रपाळीच्या तीन ओळी आणि वहीतल्या चार ओळी एवढंच काम त्याच्याकडं ठेवायचं आणि ‘ओके सर’ला सरळ मनाई करायची. उत्तर द्यायचं तर आकडा आणि वेळ लिहून: ‘२६ तयार, १४ संध्याकाळी ५ ला.’

मालक परगावी असेल त्या दिवशी फोन चुकवू नये, तो दुसऱ्याकडं द्यावा. पाळी लावून द्यावी, एका आठवड्यात कागलचा, पुढच्यात शिरोलीचा. ज्याच्याकडं वही जाते त्याला इतर तिघांच्या अडचणी पहिल्यांदाच नीट ऐकू येतात, आणि पॅलेट वेळेत परत येऊ लागतात.